दीड लाखाच्या गाडीवर चाळीस हजार

‘गाडीची किंमत दीड लाख आणि तू तिच्यावर चाळीस हजार घालणार? डोकं ठिकाणावर आहे ना?’

जुन्या छोट्या गाडीवर चार पैसे खर्च करायचे म्हटलं की हा सवाल ठरलेला. भाऊजी विचारतात, ऑफिसातला शेजारच्या टेबलावरचा विचारतो, कर्जाचे फॉर्म काखोटीला मारून फिरणारा बँकेचा पोरगा तर विचारतोच विचारतो. सवाल असा टाकला जातो की उत्तर देणाऱ्यानंच ओशाळं व्हावं. वरवर तो मोठा हिशेबी वाटतो. माझं म्हणणं असं की त्यात हिशेब नाहीच. हिशेब मांडायची वेळ येऊ नये म्हणून तो विचारला जातो.

दीड लाख ही गाडीची बाजारातली किंमत. म्हणजे उद्या मी ती विकायला काढली, तर कुणी अनोळखी माणूस मला देईल ती रक्कम. पण मी ती विकायला काढलेलीच नाही. मला तिच्यातून पुढची पाच वर्षं पोरांना क्लासला सोडायचं आहे, आईला दवाखान्यात न्यायचं आहे, गणपतीत कोकणात उतरायचं आहे. दुभत्या म्हशीला पेंड घालताना कोणी आधी तिचा बाजारभाव विचारून येत नाही. चाळीस हजारांची तुलना दीड लाखाशी करायची नसते. ते घातले नाहीत तर त्याऐवजी जो खर्च अंगावर येतो, त्याच्याशी करायची असते. आणि तो खर्च किती, हे भाऊजी कधी सांगत नाहीत.

मी सांगतो. रस्त्यावर येईपर्यंत सहा लाखांना पडणारी नवी छोटी गाडी घ्या. एक लाख रोख, पाच लाख कर्ज, व्याज 9 टक्के, मुदत सात वर्षं. हप्ता बसतो महिना 8,045 रुपये. पाच वर्षांत रोख आणि हप्ते मिळून 5 लाख 82 हजार भरले गेले आणि तरी बँकेचे 1 लाख 76 हजार देणं बाकी. आता विमा कंपन्यांच्या घसाऱ्याचा तक्ता पाहिला तर चौथं वर्ष उलटून गेलं की गाडीची विमा-किंमत निम्म्यावर येते. पण मी भाऊजींच्या बाजूनं उदार होतो. बाजारात बऱ्या ठेवलेल्या गाडीला त्याहून चांगला भाव येतो, समजा साडेतीन लाख आले. कर्जाची बाकी वजा करून हातात राहिले पावणेदोन. म्हणजे पाच वर्षांत चार लाखांच्या वर रक्कम हवेत विरली. पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि विमा वेगळा. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला लागणारा 11 टक्के रस्ताकर या सहा लाखांतच आला. तो विकताना कोणी परत देत नाही.

दुसऱ्या बाजूला जुनी गाडी. दीड लाखाची, तिच्यावर पहिल्याच वर्षी चाळीस हजार, शिवाय जादा दुरुस्तीचे म्हणून पाचही वर्षं दरवर्षी पंधरा हजार धरले. पाच वर्षांत झाले 2 लाख 65 हजार. शेवटी ती साठ हजारांना गेली तरी खर्च दोन लाख पाच हजार. निम्मा! आणि इथे मी जुन्या गाडीच्या दुरुस्तीचा आकडा फुगवून धरला आहे. साध्या पेट्रोल गाडीला, नीट बघून घेतली असेल तर, दरवर्षी एवढं लागत नाही.

मग चाळीस हजार हा आकडा एवढा का खुपतो? कारण तो एकदम आणि रोख द्यावा लागतो. हप्ता मात्र खात्यातून आपोआप वळता होतो, त्याचा आवाज होत नाही. शिवाय नव्या गाडीला हार घालता येतो, पेढे वाटता येतात, पाडव्याला शोरूमबाहेर फोटो निघतो. लोअर आर्मचे बुश बदलले म्हणून अजून तरी कोणी पेढे वाटलेले मी पाहिलेले नाहीत.

इथवर माझ्याशी सहमत होणाऱ्यांत एक मोठी फौज अशी आहे की तिच्याशी माझं भाऊजींपेक्षा जास्त वाकडं आहे. ही फौज जुन्या गाडीवर खर्च करते, हौसेनं करते, पण तो सगळा खर्च गाडीच्या अंगावर दिसला पाहिजे. पंधरा इंची अलॉय, निळसर पांढरे दिवे, सायलेन्सरला भोंगा, मागच्या काचेवर भलंमोठं नाव, डिकीत वूफर. यालाही अपग्रेडच म्हणतात. ‘जुन्या गाडीवर खर्च म्हणजे पैसे पाण्यात’ हे वाक्य लोकांच्या तोंडी बसलं ते या मंडळींच्या कृपेनं.

अल्टो 800 चं मूळ टायर 145/80 आर12. म्हणजे रस्ता आणि लोखंडी रिम यांच्यामध्ये 116 मिलिमीटर रबराची भिंत. हौशी भाऊ तिथे 165/50 आर15 बसवतो. चाकाचा एकूण व्यास जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, पण भिंत येते 82 वर. अंगठ्याएवढी उशी गेली. आता ही गाडी पावसाळ्यातल्या रस्त्यावर, पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात उतरवा. पहिल्या दणक्यात रिमला बाक, दुसऱ्यात टायरला फुगा, आणि जे धक्के रबर गिळत होतं ते सगळे शॉकअप आणि स्टिअरिंगच्या जोडांवर. वर चाकं जड झाल्यानं तीन सिलिंडरचं इंजिन चढाला कुथायला लागतं. मग ‘पिकअप गेला’ म्हणून तेच महाशय एअर फिल्टर बदलायला येतात.

हे अपग्रेड नव्हे, पैसे देऊन विकत घेतलेला बिघाड आहे. आणि कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीनं नोंदवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनमानी बदल करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांच्या दंडाची किंवा तुरुंगवासाची तरतूद आली. सीएनजी किट बसवायचं तरी आरसीवर नोंद लागते आणि टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी. ती न करता हिंडणारे किती, याची चौकशी न केलेली बरी.

तर मग चाळीस हजार जायचे कुठे? रस्त्याला जे टेकतं, गाडीला जे थांबवतं आणि रात्री जे दाखवतं, तिथे. इतकंच.

आधी टायर. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. जुनी गाडी बघायला जाणारे दहाजण बोनेट उघडून इंजिनाकडे गंभीर मुद्रेनं बघतात, पण वाकून हे चार आकडे वाचणारा एखादाच. नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला, हा समज घातक आहे. कमी फिरलेल्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण रबर कडक होतं, आणि कडक रबर पहिल्या पावसात साबणासारखं सरकतं. चारही नवे घ्या. माप वाढवायचंच असेल तर 155/65 आर13 पर्यंत जा. अल्टोच्याच घराण्यातल्या के10 ला कंपनीनं हेच माप दिलं होतं. मूळ चाकाच्या व्यासात पाचएक मिलिमीटरचा फरक पडतो, मीटर खोटं बोलत नाही, पकड मात्र कळण्याइतकी सुधारते.

मग ब्रेक. पुढचे पॅड सगळे बदलतात, कारण ते दिसतात. मागचे ड्रम उघडले जात नाहीत. आत व्हील सिलिंडर झिरपून शू तेलकट झालेले असतात आणि गाडी पुढच्या दोन चाकांवर थांबत असते. ब्रेक ऑइल तर बिचारं गाडीबरोबर जन्मलेलंच असतं. ते हवेतला ओलावा शोषतं. खंबाटकी घाट उतरताना ब्रेक तापले की त्या ओलाव्याची वाफ होते, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. हजार रुपयांच्या आसपासचं काम. अलॉयचा एक नट-बोल्टचा संच बघायला गेलं तर याच भावात येतो.

दिव्यांवर मात्र मला जरा थांबायचं आहे, कारण या एका बाबतीत आपल्याकडे जेवढं अज्ञान पैसे देऊन विकत घेतलं जातं तेवढं क्वचित कशात घेतलं जात असेल.

‘जुन्या गाडीचा उजेड पडत नाही’ ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणून दुकानदार 60/55 वॉटच्या एच4 बल्बच्या जागी 100/90 चा टाकतो, किंवा एलईडी. शंभर वॉटचा बल्ब सहा महिन्यांत होल्डर वितळवतो आणि स्टिअरिंगखालच्या स्विचचे पॉइंट जाळतो. एलईडीचं दुखणं वेगळं. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकाला तारेची ज्योत एका नेमक्या जागी हवी असते. तिथे चिपांची पट्टी आली की उजेड रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. रात्री महामार्गावर आपण ज्यांना शिव्या घालतो ते हेच.

आता मूळ दुखणं बघा. या पिढीच्या अनेक छोट्या गाड्यांत दिव्याचा सगळा प्रवाह बॅटरीपासून निघून स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या स्विचमधून फिरून बल्बपर्यंत येतो. बारीक वायर, जुने पॉइंट, गंजलेलं अर्थिंग. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला तर बॅटरीपाशी 13.8 व्होल्ट दिसतात आणि बल्बच्या मागे बारा-सव्वाबारा. दीड व्होल्टनं काय होतंय, असं वाटेल. हॅलोजनच्या बाबतीत खूप काही होतं: व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. म्हणजे तुमच्या बल्बचा तिसरा हिस्सा वायरीतच खर्ची पडतोय. उपाय काय, तर दोन रिले, एक फ्यूज, बॅटरीवरून थेट आणलेली जाड वायर आणि नवं अर्थिंग. स्विच फक्त रिलेला हुकूम देतो, प्रवाह वाहायचं काम त्याच्याकडून जातं. साहित्य हजार-दीड हजारांचं, काम दुपारभराचं. बल्ब तोच, 60/55 चाच. त्या रात्री गाडी बाहेर काढली की रस्त्याच्या कडेचे दगड दिसू लागतात. पण सिग्नलला शेजारच्याला काही दिसत नाही, म्हणून हे कोणी करत नाही.

उरलं सस्पेन्शन. ‘दादा, शॉकअप गेलेत,’ असं सांगणाऱ्या दहा मेस्त्र्यांपैकी निदान निम्मे गाडी जॅकवर न घेताच सांगतात. आधी चाक धरून हलवून पाहावं, लोअर आर्मचे बुश टॉर्चनं बघावेत. रबर भेगाळून बाजूला झालेलं असेल तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढणारच. बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एन्ड, मग अलाइनमेंट. हे सगळं झाल्यावरही गाडी उसळत असेल तर शॉकअप. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हे सुटे भाग ढिगानं मिळतात आणि डुप्लिकेटही त्याच ढिगात मिळतात, तेव्हा बुश आणि ब्रेकच्या बाबतीत शंभर रुपये वाचवायला जाऊ नये. आणि गाडी जुन्या 796 सीसी इंजिनाची असेल तर टायमिंग बेल्ट. बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरून चालावं. के-सिरीजच्या इंजिनात साखळी आहे, तिथे ही चिंता नाही.

आता विरोधकांचा जो खरा मुद्दा आहे, त्याकडे. ते तो क्वचित मांडतात, म्हणून मीच मांडतो. रिले टाकता येतो, टायर बदलता येतात, एअरबॅग मागाहून बसवता येत नाही. एबीएसही नाही. 2014 साली ग्लोबल एनकॅप या वाहन-सुरक्षा संस्थेनं भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आदळून पाहिल्या. अल्टो 800, नॅनो, आय10, फिगो आणि बिनएअरबॅगची पोलो. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे. त्यानंतर नियम बदलले. 2019 च्या एप्रिलपासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस, जुलैपासून चालकाला एअरबॅग, ऑक्टोबरपासून जुन्या मॉडेलांनाही आदळ-चाचणीचे निकष. ओम्नीचं उत्पादन थांबलं ते याच सुमारास. शेजारच्या सीटची एअरबॅग 2021 च्या अखेरीस सर्वत्र आली.

यापुढे माझ्याकडे प्रतिवाद नाही, आणि ओढूनताणून आणणारही नाही. ज्याच्याकडे 2012 ची गाडी आधीच दारात आहे आणि जी गावात, तालुक्यात फिरते, तिच्यावर वरचा खर्च जरूर करावा. पण जो आज जुनी गाडी घ्यायला निघालाय आणि ज्याच्या गाडीला आठवड्याला महामार्ग दिसणार आहे, त्यानं 2019 च्या ऑक्टोबरनंतर बनलेलीच घ्यावी. ती दीड लाखात मिळणार नाही, दुप्पट पडेल. तरीही नव्या गाडीपुढे हिशेब तिच्याच बाजूनं पडतो. पहिल्या मालकानं घसाऱ्याचा मोठा घास आधीच सोसलेला असतो.

आणखीही एक जात आहे जिच्यावर एक रुपया घालू नये. पुरात बुडालेली. 2019 ला सांगली-कोल्हापूर, 2021 ला चिपळूण-महाड. तेव्हा पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यांत उभ्या राहणारच होत्या. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून बघा, गुंडाळीच्या तळाशी चिखलाची रेघ राहून जाते. तसंच, किनाऱ्यावरच्या गाडीचा रनिंग बोर्ड आणि कार्पेटखालचा पत्रा दाबून बघा. सांगाडा गंजलेला असेल तर निघून यावं. तिथे भाऊजी म्हणतात तेच खरं.

पण भाऊजी आता नवी हत्यारं घेऊन आलेत. पहिलं, पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉल. ‘ई20 नं जुन्या गाड्या संपल्या.’ नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच, ई10 पर्यंतच्या चारचाकींचं अॅव्हरेज 6 ते 7 टक्के घटेल असं म्हटलेलं आहे. सरकारनं पुढे कितीही सारवासारव केली तरी मी हाच आकडा धरतो. लिटरला 18 देणारी गाडी पावणेसतरावर आली. वर्षाला आठ हजार किलोमीटर चालवणाऱ्याला बत्तीस-तेहतीस लिटर जादा, म्हणजे तीन-साडेतीन हजार रुपये. नव्या गाडीचा अर्धा हप्तासुद्धा नाही. पेट्रोलच्या जुन्या नळ्या आणि रबरी सील बदलायला लागतील, तो खर्च खरा आणि तोही एकदाच. मालकाला न विचारता त्याच्या टाकीत काय जातं यावर राग जरूर यावा. तो राग शोरूममध्ये जाऊन काढायचं कारण नाही.

दुसरं, जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला, ‘मग आता जुनी कशाला?’ अहो, नवी उतरली की जुनीही तिच्या मागोमाग उतरते. घेणाऱ्याला हे बरंच झालं की!

तिसरं सगळ्यात लाडकं. ‘पंधरा वर्षं झाली की सरकार भंगारात काढायला लावतं.’ हे महाराष्ट्रात खरं नाही. राष्ट्रीय हरित लवादाच्या आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी दहा आणि पंधरा वर्षांची अट आली ती दिल्ली आणि तिच्या आसपासच्या परिसरात. तिथल्या गाड्या स्वस्तात इकडे येतात त्या त्यामुळेच. त्या घेताना एनओसी, इथला कर आणि पुन्हा नोंदणी, एवढं सगळं मोजून मगच स्वस्त म्हणावं. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. गाडी आरटीओत दाखवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाचं शुल्क 2022 च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजार झालं आणि गाडी वीस वर्षांपलीकडे गेली की 2025 च्या ऑगस्टपासून दहा हजार. ही वाढ अवास्तव आहे असं माझं मत आहे. सुस्थितीतल्या गाडीला केवळ वयाचा दंड का, याचं समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. पण पाच वर्षांचे दहा हजार म्हणजे महिन्याला 167 रुपये पडतात.

आणि त्या पासिंगला निरीक्षक बघतो काय? ब्रेक, दिवे, टायर, स्टिअरिंगची ढिलाई, धूर. आपण चाळीस हजार जिथे घातले नेमकं तेच. त्याच्या आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये मात्र वेगळीच गर्दी असते. मूळ सायलेन्सर कुठे ठेवला होता, जुन्या बारा इंची रिमा कोणाला विकल्या, एका दिवसासाठी कोणाच्या मिळतील का, याची फोनाफोनी चाललेली असते.